मूळ पट्टी

११ जानेवारी, रविवार

कीबोर्ड आणला. सध्या जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. ही म्हणाली, जेवायचं कुठे? दुसरा प्रश्न आला नाही. आनंद मनातल्या मनात झाला असणार.

उद्देश आजच लिहून ठेवतो, पुढे गैरसमज नकोत. कीबोर्ड माझ्या हौसेसाठी नाही, हिच्यासाठी आहे. गेल्या वर्षी हिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, आम्ही सुटलो. पण तेव्हापासून ही गायलेली नाही. आधी कपडे वाळत घालताना गायची, शाळेचे पेपर तपासताना गायची, नापास करताना तर फारच गोड गायची. आता घरात सूर धरून राहणारी एकच वस्तू उरलीय, फ्रिज.

घशाचे डॉक्टर म्हणाले होते, आवाज शाबूत आहे, पण खाली उतरलाय आणि आता तिथेच राहील. उगाच वर खेचायला जाऊ नका. डॉक्टर लोक हातचं राखून बोलतात. माझं निदान वेगळं आहे. हिला साथ नाही. साथ मिळाली की आवाज मुकाट्याने जागेवर येईल.

मला वाजवता येत नाही, ही अडचण तात्पुरती आहे.

संकल्प: रोज पहाटे सहाला रियाज.

१२ जानेवारी

पहाटेचा रियाज उद्यापासून. आधी माहितीपुस्तक वाचायला हवं. यंत्र समजून न घेता बडवत सुटणं माझ्या स्वभावात नाही.

१३ जानेवारी, सकाळी पावणेआठ

अंगाला एकदम सवय होत नाही. रियाज संध्याकाळी करणार. संध्याकाळी बोटं मोकळी झालेली असतात.

संध्याकाळी

माहितीपुस्तकाचं पहिलं पान: कीबोर्ड पाण्यात बुडवू नये. नोंद घेतली. आजपुरतं एवढं पुरे.

१५ जानेवारी

मोठा शोध लागला. ट्रान्सपोज!

गाणं कुठल्याही पट्टीतलं असो, आपण आपली बोटं पांढऱ्यांवरच ठेवायची, पांढऱ्या एकपासून सुरुवात. बटण दाबून उणे दोन (म्हणजे दोन घरं खाली) केलं की तेच सगळं काळी पाचमध्ये वाजतं. काळ्यांना बोट न लावता काळी पाच! लोक यासाठी वर्षानुवर्षं बोटं झिजवतात. कुणी सांगितलं नसेल त्यांना.

मला हे चटकन कळलं त्याला कारण आहे. चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या लॅबमध्ये मी तपासनीस. काच तयार झाली की तिचा नंबर पुन्हा मोजायचा, बरोबर असेल तरच पुढे सोडायची. अधिक आणि उणे यातच निम्मी हयात गेली. माणसाला नंबर असतो तसा गाण्यालाही असतो, एवढंच.

शेजारच्या टेबलावरच्या बायफोकलला सांगितलं. (एक डोळा कामावर आणि एक घड्याळावर, म्हणून बायफोकल.) तो म्हणाला, म्हणजे तुम्हाला एकच पट्टी येते. म्हटलं, नाही, आजपासून बाराच्या बारा येतात. त्याने घड्याळाकडे पाहिलं. कलेची आवड सगळ्यांना नसते.

१८ जानेवारी, रविवार

आज चाकांचा अभ्यास. कीबोर्डच्या डाव्या अंगाला दोन चाकं आहेत. पहिलं पिच बेंड: पुढे ढकललं की सूर वर सरकतो, सोडलं की परत जागेवर. दुसरं मॉड्युलेशन: पुढे नेलं की सूर थरथरतो. म्हणजे गायकाचा गळा जे करतो ते सगळं माझ्या डाव्या हातात आलं. उजव्या हाताने अजून सरळ सारेगम निघत नाही, पण भावना तयार आहे.

माहितीपुस्तक म्हणतं, पहिल्या चाकाची झेप दोन घरांची ठेवलेली असते, हवी तर बारापर्यंत वाढवता येते. भावनेला आवर कशाला? बारा केली.

खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. म्हणाल्या, ॲम्ब्युलन्स कुणाकडे आलीय?

हिने दार लावून घेतलं आणि बराच वेळ पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. रडत असावी असं वाटलं. हसत होती.

वर्षभरात अशी हसली नव्हती. पद्धत बरोबर आहे.

२० जानेवारी

पायात घ्यायचं पेडल आणलं. पेडल दाबलं की सूर रेंगाळायला हवा, सोडलं की थांबायला हवा. माझं नेमकं उलटं चाललंय. दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर होता का? म्हटलं, मी तयारीत बसतो. तो म्हणाला, मग ते उलटं धरून बसतं. बंद करा, पाय काढा, मग चालू करा.

हे इतकं सोपं होतं तर विकतानाच सांगायला काय झालं होतं? निषेध म्हणून मी उलट्या पेडलवरच सराव करणार आहे.

२१ जानेवारी

पोटरीत गोळा आला. निषेध मागे घेतला.

२५ जानेवारी, रविवार

हिचं नदीचं गाणं बसवलं. हिच्या आईने हिला शिकवलेलं, हिचं अगदी हक्काचं. शाळेत, नातेवाइकांत, सहलीत, कुठेही ही नदीचं गाणं म्हणायची आणि लोक बोलायचे थांबायचे. मी एका बोटाने वाजवतो. बाकीची बोटं पुढच्या टप्प्यात.

उणे दोनवर लावलं, म्हणजे काळी पाच. हिची मूळ पट्टी. ही नेहमी सांगायची, माझी काळी पाच, पोरींमध्ये सगळ्यांत उंच.

ही हात पुसत दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तिसरी ओळ खाली उतरते, तुम्ही वर चाललाय. म्हटलं, ती माझी मांडणी आहे. तर म्हणून दाखवायला गेली. पहिला सूर घेतला, दुसरा घेतला, आणि आवाज मध्येच नुसती हवा झाला. खोकली. म्हणाली, दूध उतू जाईल, आणि आत गेली.

मी मागोमाग जाऊन पाहिलं. दूध गॅसवर नव्हतं.

२७ जानेवारी

हिच्या शाळेतून फोन. ही अंघोळीला गेलेली, मी घेतला. शाळेच्या मोठ्या बाई मार्चअखेरीला निवृत्त होतायत. हिला नोकरीवर त्यांनीच घेतलेलं, ऑपरेशनच्या वेळी रोज दवाखान्यात येऊन बसायच्या. निरोपाच्या कार्यक्रमात हिने नदीचं गाणं म्हणावं अशी मोठ्या बाईंची इच्छा आहे. ही हो-नाही काहीच बोलत नाही, तुम्ही जरा विचाराल का? म्हटलं, विचारायचं काय त्यात, म्हणेल ती. साथीला मी आहे.

हिला सांगितलं. जेवणात मीठ नव्हतं. मी काही बोललो नाही. निर्णय पचायला वेळ लागतो.

१ फेब्रुवारी, रविवार

मी अंघोळीला गेलोय असं समजून ही कीबोर्डपाशी बसली. मी दाराआड. एकेक पट्टी दाबत होती आणि अगदी दबक्या आवाजात तिच्याबरोबर गुणगुणत होती. वरून सुरू केलं, खाली खाली येत गेली. एका ठिकाणी थांबली. तिथून नदीच्या गाण्याची पहिली ओळ म्हणाली. मग दुसरी. मग तिसरीसुद्धा. कुठेही हवा नाही, खोकला नाही. जाडसर, भरलेला आवाज. कुणा दुसऱ्याच बाईचा वाटला.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. हिचं बोट काळी तीनवर. माझ्या हिशेबाने उणे सहा. म्हणजे मूळ पट्टीपेक्षा चार घरं खाली. ही म्हणाली, अहो, इथे बसतोय माझा आवाज. डोळ्यांत पाणी होतं.

मी म्हटलं, छान. पण मनातून पटलं नाही. मी जिला ऐकून घरी सांगितलं होतं की लग्न करीन तर हिच्याशीच, तिचा आवाज काही काळी तीनचा नव्हता.

३ फेब्रुवारी

दोघांचा रियाज सुरू. उणे सहावर. मी चाकाची झेप परत दोन केली, तरी ही म्हणाली, तुम्ही चाक सोडा हो, नुसते सूर द्या. मी कमी केलं. तिसऱ्या ओळीची माझी मांडणी मात्र अजून सोडलेली नाही. त्या ओळीला दोघं दोन दिशांना जातो आणि चौथीला भेटतो.

ही आज शाळेतून येतानाच गुणगुणत जिना चढली. मला जिन्यात ऐकू आलं.

९ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये काच तपासताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

नंबर एकदम बदलला तर डोळे गरगरतात. पाव-पाव बदलला तर माणसाला पत्ताही लागत नाही. तेच गळ्याला लावायचं! दर आठवड्याला ट्रान्सपोज एक घर वर. उणे सहा, उणे पाच, चार, तीन, दोन. हिला काहीच सांगायचं नाही. सांगितलं की मन आडवं येतं. कार्यक्रमाच्या आत ही काळी पाचमध्ये गात असेल आणि मग मी सांगेन. तेव्हाचा हिचा चेहरा मला आत्ताच दिसतोय.

कीबोर्डच्या डिस्प्लेवर रुमाल टाकला. धूळ बसते.

१० फेब्रुवारी

उणे पाच. काहीही कळलं नाही! घसघशीत गायली. माझा हात जरा थरथरत होता, तोही मॉड्युलेशनच्या कामी आला.

१७ फेब्रुवारी

उणे चार. ही म्हणाली, आज जड जातंय का हो? म्हटलं, हवा कोरडी आहे. दोन पेले कोमट पाणी प्यायली आणि परत म्हणाली. ओढून म्हणाली, पण म्हणाली. प्रगती.

२० फेब्रुवारी

हिचा आवाज बसलाय. शाळेत पोरांना गप्प करायला टेबलावर डस्टर आपटते म्हणे. हे चांगलं लक्षण आहे. जुना आवाज निघून जातोय, त्याच्या जागी त्याहून जुना येतोय.

बायफोकलला नाव न घेता विचारलं, एखाद्याला न सांगता त्याचं भलं करावं का? तो म्हणाला, कुणाचं केलंत? विषय बदलला.

२४ फेब्रुवारी

उणे तीन.

तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. हिने परत म्हटलं, परत फाटला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि सूर लावलाच नाही. स्टुलावर बसली. म्हणाली, अहो, तेव्हाही असंच सुरू झालं होतं. म्हटलं, केव्हा? म्हणाली, गाठीच्या आधी. असंच. वर जाताना अडकायचं. आणि गळ्यावर हात ठेवला, त्या खुणेवर, आणि चाचपत राहिली.

एकदा वाटलं, सांगून टाकावं. तोंडापर्यंत आलं होतं. पण उपचार अर्ध्यावर सोडले तर त्रास वाढतो, हे कुणीही सांगेल. म्हटलं, रियाज वाढवू.



२६ फेब्रुवारी

हिने घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मंगळवारची. मला फोनवरचं बोलणं ऐकून कळलं. हॉस्टेलवर लेकीला सांगू नका म्हणाली, तिची परीक्षा आहे. कार्यक्रमाचं काय, असं मी विचारलं. म्हणाली, आता कसला कार्यक्रम.

माझी झोप नीट होत नाही. गादी बदलायला हवी.

रुमाल दोनदा उचलला. दोनदा परत टाकला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लेक हॉस्टेलवरून अचानक आली. फिजिओथेरपी शिकते, म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या पाठीकडे बघत आत येते. आईचा चेहरा बघून म्हणाली, काय झालंय? आई म्हणाली, कुठे काय. मग लेक म्हणाली, बरं, मग गाणं तरी ऐकव, बाबा फोनवर रोज सांगतात.

मी म्हटलं, आज नको, आईचा घसा. लेक कीबोर्डपाशी जाऊन उभी. म्हणाली, हे काय, रुमाल का? म्हटलं, धूळ. तिने रुमाल उचलला. मंगळवारपासून मी कीबोर्ड बंदच केला नव्हता, आकडा तसाच होता. लहानपणी चार वर्षं क्लासला जायची ती, मी विसरलोच होतो. विचारलं, बाबा, हे उणे तीन का? आई तर म्हणाली होती काळी तीनमध्ये म्हणतेय. ते उणे सहा होतं ना?

मी म्हटलं, आधी सहाच होतं.

मग?

मग हळूहळू.

हे मी जसं झालं तसं लिहितोय. लेक माझ्याकडे बघत राहिली. ही भाजी निवडत होती, ती थांबली. मी पद्धत समजावून सांगायला लागलो. नंबर, पाव-पाव, डोळ्याला पत्ता लागत नाही. जे लॅबमध्ये इतकं सरळ वाटलं होतं ते बोलताना काही केल्या सरळ होईना.

ही म्हणाली, म्हणजे माझा आवाज जात नाहीये?

एवढंच. ओरडली नाही, काही नाही. परत विचारलं, अहो, नीट सांगा, म्हणजे माझा आवाज जात नाहीये? तुम्ही वर नेत होतात?

म्हटलं, हो.

ही होती तिथे जमिनीवरच बसली. हसायला लागली. मग रडायला लागली. लेकीने जवळ घेतलं. लेक रडत रडत मला म्हणाली, बाबा, तुला कळतंय का, आई चार दिवस काय समजून बसली होती? मी म्हटलं, मलाही झोप नव्हती.

हे बोलायला नको होतं.

ही शांत झाल्यावर माझ्याकडे वळली. मग भाजी उचलून आत गेली.

३ मार्च

डॉक्टरांनी पाहिलं. गाठ नाही, काही नाही. घसा ओढला गेलाय. आठवडाभर मौन, मग हलक्या हाताने सुरू करा म्हणाले. कुणी वर ओढायला लावलं, असंही विचारलं म्हणे. हिने काय सांगितलं ते मला सांगितलं नाही, कारण मौन.

मौन फक्त बोलण्याचं आहे. बघण्याचं मौन डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, ते हिने स्वतःहून जोडलंय.

५ मार्च

घरात पूर्ण शांतता. फ्रिजचा आवाज फारच मोठा आहे.

एक गोष्ट मात्र न्यायाने नोंदवली पाहिजे. उणे पाचवर हिला त्रास झाला नव्हता. म्हणजे पद्धत चुकीची नव्हती, वेग जरा जास्त झाला.

६ मार्च

लॅबमध्ये आज एक काच आली. कुणा बाईच्या नावची. हवा होता उणे तीन, निघाला पावणेचारच्या पुढे. अशी काच चष्म्यात बसली असती तर त्या बाईला वाटलं असतं, आपले डोळे चालले. डॉक्टरकडे गेली असती. घरी कुणाला सांगितलं नसतं.

काच बाजूला काढली. पण हातातून खाली ठेवली नाही बराच वेळ. बायफोकल म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, नंबर चुकलाय. तो म्हणाला, मग परत पाठवा की. त्यात काय विचार करायचाय.

परत पाठवली.

कालची नोंद खोडायचा विचार होता. पेन चालेना.

११ मार्च

हिचं मौन सुटलं. पहिलं वाक्य लेकीशी, फोनवर. दुसरं खालच्या बाईंशी. तिसरं दूधवाल्याशी. चौथं माझ्याशी: कार्यक्रमात मी म्हणणार आहे.

म्हटलं, आणि साथ?

ही म्हणाली, साथ तुम्हीच करायची. कारण तुम्ही सगळ्यांना सांगून बसलाय. पण अटी माझ्या. ट्रान्सपोज उणे सहा, रुमाल नाही. चाकांना हात लावायचा नाही. पेडल घरी. आणि नदीचं गाणं वाजवायचं नाही, मला तिसऱ्या ओळीला भीती वाटते. पांढरी एक दाबायची आणि माझं गाणं संपेपर्यंत धरून ठेवायची. एक सूर. बस.

मी विचार करून हो म्हटलं. वरवर पाहता ही कपात वाटेल. पण गाणं उभं राहतं कशावर? त्या एका सुरावर. घराचा पाया माझ्याकडे, भिंती हिच्याकडे.

१४ मार्च

एक सूर धरणं वाटतं तितकं सोपं नाही. बोटाला मुंग्या येतात. मधलं बोट वापरून पाहिलं, अंगठा वापरून पाहिला. शेवटी तर्जनी. तर्जनीत अधिकार आहे.

आवाज स्ट्रिंग्जचा, म्हणजे व्हायोलिनसारखा न तुटणारा, लावलाय. महागड्या कीबोर्डांत पट्टी दाबल्यावर आणखी खोल दाबली तर सूर फुलतो. माझ्यात ती सोय नाही. तरी मी खोल दाबतो. फरक पडतोच.

२० मार्च

ही रोज थोडं गाते. माझा सूर मागे. काळी तीनमधला तो आवाज आता कानाला दुसऱ्या बाईचा वाटत नाही. सवय होते माणसाला.

मला असंही वाटतं की तो मला आधीपासून आवडत होता.

२७ मार्च

उद्या कार्यक्रम. शर्टाला इस्त्री केली. तर्जनीचं नख कापलं.

एक गुपित इथेच लिहितो: अगदी शेवटच्या ओळीला, शेवटच्या शब्दावर, मॉड्युलेशनचं चाक केसभर पुढे नेणार. केसभरच. हिला कळणार नाही, पण ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येईल.

अट मोडणं नव्हे हे. अटीला सजवणं आहे.

२८ मार्च, शनिवार, दुपारी

शाळेच्या हॉलमध्ये लवकर पोहोचलो. कीबोर्ड लावला, चालू करताना पाय लांब ठेवले. बंद करून चालू केला की ट्रान्सपोज शून्यावर जातो हे मला माहीत आहे, म्हणून पुन्हा उणे सहा करून हिला दाखवलं. हिने वाकून स्वतः वाचलं. मग लेकीनेही वाचलं. इतका अविश्वास बरा नव्हे, पण मी मोठ्या मनाने घेतलं.

हॉल भरत चाललाय. मोठ्या बाई पुढच्या रांगेत. उकडतंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काय लिहू!

ही उभी राहिली. मी तर्जनी ठेवली. सूर भरला. हिने डोळे मिटले, मीही मिटले. पहिली ओळ आली आणि हॉलमधली कुजबुज जशी कुणी पुसून काढली. दुसऱ्या ओळीपासून तर असं झालं की माझा सूर मला वेगळा ऐकूच येईना. हिच्या आवाजात इतका विरघळला की कुठे मी संपतो आणि कुठे ही सुरू होते, सांगता येऊ नये. साथीचा कळस म्हणतात तो हाच. तिसरी ओळ खाली उतरली. तिला तसंच उतरायला हवं होतं, हे मला पहिल्यांदाच पटलं. शेवटच्या शब्दावर चाक केसभर नेलं. थरथर इतकी नाजूक की जाणवलीच नाही. हिचा आवाज मात्र हलला नाही. जिथे लागला होता तिथेच राहिला, रुंद आणि स्थिर.

टाळ्या कितीतरी वेळ. डोळे उघडले तर कीबोर्डचा डिस्प्ले विझलेला. लेकीने तत्परतेने बंद केला असणार. मोठ्या बाई उठून आल्या, हिला मिठी मारली, दोघी रडल्या. बाई मला म्हणाल्या, तुम्ही पण अगदी तल्लीन होऊन बसला होतात हो.

तल्लीन. हाच शब्द.

पुढच्या वर्षाचा विचार आत्ताच करायला हवा. आम्हा दोघांचा स्वतंत्र कार्यक्रम. नाव सुचतंय.

२९ मार्च, रविवार

सकाळी चहाला लेकीने फोनवरचं चित्रण लावलं. म्हटलं, आवाज मोठा कर. पहिल्या ओळीत माझा सूर आहे. छान आहे, भरीव आहे. पहिली ओळ संपते तिथे चित्रात उजवीकडून एक शिक्षिका येते, मोठ्या बाईंना उकडतंय म्हणून पंखा घेऊन. भिंतीपाशी वाकते. एक प्लग काढते, पंख्याचा लावते.

तिथून पुढे फक्त हिचा आवाज. आणि पंख्याचा. चित्रात मी बंद पडलेल्या कीबोर्डवर तर्जनी खोल दाबून, डोळे मिटून, किंचित डुलतोय. शेवटी चाकसुद्धा फिरवतोय.

लेकीने फोन उलटा ठेवला. म्हणाली, मला वाटलं तुला कळलं असेल.

हिला विचारलं, तुला केव्हा कळलं? म्हणाली, लगेच, दुसऱ्या ओळीला. म्हटलं, मग मला खूण का नाही केलीस? ही कपात चहा ओतत होती. म्हणाली, तुम्हाला इतकं शांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हटलं, पण सुराशिवाय तू पट्टीत राहिलीस कशी? म्हणाली, माझीच आहे ना पट्टी.

लेक दुपारच्या गाडीने गेली. ती गेल्यावर ही कीबोर्डपाशी स्टूल ओढून बसली. उणे सहा कसं करायचं ते दाखवा म्हणाली. दाखवलं. लगेच आलं हिला. मग दोन्ही हातांनी काहीतरी चाचपायला लागली, एकेक पट्टी, गुणगुणत. मी मागे उभा होतो. ही न वळता म्हणाली, तुम्ही तिकडे बसा बरं, खुर्चीत.

बसलो. हात कुठे ठेवावेत कळेना.